बारकीला थोपवण्याचा अर्ज

सरकारला एक दिवस शंका आली, की राज्यातली हुशार मुलं बाहेर निघून जातायत. मास्तरांना ही शंका वीसेक वर्षांपूर्वीच आली होती; पण मास्तरांच्या शंकेवर समिती बसत नाही. सरकारच्या शंकेवर बसली, पुष्कळ दिवस बसली, आणि उठताना एक योजना देऊन उठली. 'गुणवंत स्थिरता साहाय्य योजना'. जो हुशार विद्यार्थी राज्यातल्याच सरकारी कॉलेजात शिकेल त्याची फी, पुस्तकं, वह्या, सगळं सरकार बघणार. बातमी वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर, चपलांच्या सेलच्या खाली होती. मास्तरांनी ती मोठ्याने वाचली. ते वर्तमानपत्र नेहमीच मोठ्याने वाचत. घरात कोणीतरी बोलत असलेलं बरं, असं त्यांचं मत होतं, आणि दुसरं कोणी नव्हतं.

बातमी वाचून झाली तसा त्यांनी चहा अर्धा टाकला, कात्रीने ती कापली (मागे शब्दकोडं होतं, त्याचे आडवे शब्द गेले) आणि जिना उतरून खाली शिंप्याच्या दुकानात गेले.

मास्तर गणिताचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निवृत्त ते फक्त शाळेपुरते. त्यांच्या हाताखालून हुशार म्हणावी अशी पुष्कळ मुलं गेली, आणि 'गेली' हे अगदी शब्दशः घ्यायचं. कोणी पूल बांधतो, कोणी औषधं शोधतो, पण सगळं दुसरीकडे. मास्तरांचा मुलगा त्यांचाच विद्यार्थी, तोही तिकडचाच. शहरात टिकलेला असा एकच, दातांचा डॉक्टर. तो मात्र मास्तर रस्त्यात दिसले की आपलं तोंड घट्ट मिटून पलीकडच्या फुटपाथवर जातो. नववीतलं भूमितीचं एक जुनं प्रकरण आहे. ते असो.

आता उरली होती बारकी. शिंप्याची मुलगी. सहा वर्षांची असताना मास्तरांची रफू केलेली पँट पोचवायला वर आली, भिंतीवरच्या फळ्यावर अर्धवट सोडलेलं गणित बघितलं, आणि पँट मांडीवर घेऊन तिथेच बसली. दोन तासांनी शिंपी शोधत आला तेव्हा ती म्हणाली, "थांबा ना बाबा, हे जुळत नाहीये." त्या दिवसापासून रोज चार वाजता ती वर येई. आता सतरा वर्षांची होती, मास्तरांपेक्षा चार बोटं उंच होती, आणि तरी सगळ्या इमारतीला ती बारकीच होती.

"बाहेर?" शिंपी म्हणाला. त्याच्या ओठांत दोन टाचण्या होत्या, त्यामुळे प्रत्येक शब्द तो जपून सोडायचा. "मास्तर, ती कुठे बाहेर जातेय? कोपऱ्यावर दोरा आणायला पाठवली तर वाटेतल्या गाड्यांचे नंबर भागत बसते."

"म्हणूनच. सरकार फी देतंय. तिने इथंच शिकायचं, इथंच राहायचं."

"मग काय, सोन्याहून पिवळं. कुठे सही करू?"

हे इतकं सोपं होतं. पुढचे पाच महिने मास्तर हे वाक्य अधूनमधून आठवत, की शिंपी सही करायला तयार होता.

योजनेचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट दुसऱ्यापर्यंत होती. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर रबरी शिक्क्यांचं एक गोल झाड होतं आणि त्या प्रत्येक शिक्का न बघताच उचलत. मास्तरांनी मुलीचे गुण सांगितले, पहिलीपासून सांगितले. बाईंनी ऐकून घेतलं.

"निघालीय का?"

"कुठे?"

"बाहेर."

"छे छे! निघू नये म्हणून तर—"

"आजोबा," बाई म्हणाल्या, "ही योजना जाणाऱ्यांना थांबवायची आहे. निघालीच नाही तर थांबवायचं कुणाला? अट क्रमांक सात बघा. 'विद्यार्थी बाहेर जाण्याच्या बेतात असल्याचा पुरावा.'"

मास्तरांनी जिन्यात उभं राहून अट क्रमांक सात तीनदा वाचली. चाळीस वर्षं त्यांनी इतरांच्या सिद्धता तपासल्या होत्या. या सिद्धतेत त्यांना एकही खोट सापडेना, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

समोरच्या बिऱ्हाडात एक निवृत्त बस कंडक्टर राहत. इमारतीत कोणाच्याही अडचणीचा वास त्यांना आधी येई. मास्तर कुलूप उघडेपर्यंत ते दारात हजर होते.

"सोपं आहे हो," सगळं ऐकून ते म्हणाले. "एक लांबचं कॉलेज बघायचं, अर्ज टाकायचा, पत्र आलं की खिडकीत दाखवायचं. गाडी हलवायची नाही, नुसती घंटी वाजवायची."

मास्तरांना खोटेपणा आवडत नसे. पण हा खोटेपणा कुठे होता? अर्ज खरा, परीक्षा खरी, पत्र खरं. फक्त हेतू तेवढा उलटा. ऋण चिन्ह लावलेली संख्या काय खोटी असते? अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी कपाटावरचा नकाशांचा जाडा ग्रंथ काढला, पट्टी घेतली, आणि जिथपर्यंत रेल्वे जाते तिथपर्यंत सगळ्यात लांबचं कॉलेज मोजून काढलं. दोन रात्री आणि एक दिवस. इतक्या लांब कोणी जात नसतं, असं त्यांचं गणित होतं.

बारकीला बेत सांगितला तेव्हा ती पोट धरून हसली. "म्हणजे मी खोटं खोटं निघायचं?"

"निघायचं खरं. जायचं नाही."

"आणि नापास झाले तर?"

"मग पुरावाच मिळणार नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून पास व्हायचं."

त्या कॉलेजाची प्रवेश परीक्षा भयंकर होती. त्यासाठी चारची शिकवणी पुरेना, म्हणून सकाळी सातलाही सुरू झाली. मास्तरांनी नवे खडू आणले. फळ्याला काळा रंग दिला, स्टुलावर चढून, एकट्याने. उतरताना एक पायरी कमी मोजली आणि घोटा सुजवून घेतला. गणितज्ञाने पायरी मोजताना चुकावं, यावर कंडक्टरांनी आठवडाभर विनोद केले. मास्तरांनी ते सोसले. दिवसातून दोनदा जिन्यावर तिची पावलं वाजत होती. माणसाने आणखी काय मागावं? एखादं अवघड गणित ती चटकन सोडवी तेव्हा मास्तरांना अभिमान वाटे, आणि त्याच्या पाठोपाठ थोडं वाईटही वाटे, कारण मग ती लवकर खाली जाई. मग ते आणखी अवघड गणित काढत. तिला जास्त वेळ बसवून ठेवण्यासाठी ते तिला जास्त हुशार करत होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ज्याची त्याची वजाबाकी ज्याला त्याला दिसत नाही.

परीक्षा झाली. मग शिफारसपत्र हवं होतं. त्यात एक प्रश्न होता: 'आपण आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत हिचा क्रमांक कितवा?' मास्तरांनी 'पहिल्या पाचांत' लिहिलं. खोडलं. 'पहिल्या तिघांत' लिहिलं. रविवार होता, मुलाचा फोन आला.

"काय चाललंय बाबा?"

"नंबर लावतोय."

"कुणाचे?"

मास्तरांनी सांगितलं. मुलगा हसत म्हणाला, "म्हणजे मी कितवा, तेही आज कळेल."

"तुझं अक्षर चांगलं होतं," मास्तर म्हणाले.

"कळलं," मुलगा म्हणाला. आणि मग, "बाबा, तिला खरंच थांबवायचंय का?"

"राज्याचं नुकसान होतंय रे."

"राज्याचं ना?"

"इथं आवाज नीट येत नाहीये," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. आवाज छान येत होता. मग त्यांनी स्वच्छ अक्षरात 'पहिला' असं लिहिलं, आणि त्याखाली का ते लिहायला घेतलं. कागद संपला, दुसरा घेतला. अकरा वर्षांत तिच्या तोंडावर कधी न केलेलं कौतुक त्या दोन कागदांवर उतरलं. पत्र पेटीत टाकल्यावर त्यांना वाटलं, जरा कमी लिहायला हवं होतं. पण टपालपेटीला परत देण्याची सोय नसते.

प्रवेश मिळाला. शिंप्याने टाचण्या तोंडातून काढून पेढे—पेढे कुठले, समोरच्या दुकानातली बिस्किटं वाटली, आणि मास्तर प्रवेशपत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले.

"छान," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "तिथली फी परवडणार आहे का?"

"शिंप्याची मुलगी आहे हो. कशी परवडेल?"

"मग ती फुकटच थांबणार. जी फुकट थांबतेय तिला आम्ही पैसे देऊन का थांबवायचं? तिथली शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र आणा."

मास्तरांनी तिथल्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेतला. ती मिळाली. पूर्ण मिळाली, राहण्याजेवणासकट. मास्तरांच्या दोन कागदांचा त्या लोकांवर फार परिणाम झाला होता, असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. पुन्हा तिसरा मजला.

"तिकीट?"

"तिकीटही?"

"आजोबा, तिकिटाशिवाय जाणार म्हणणारे छप्पन असतात."

तिकीट काढलं. त्या रांगेत मास्तर चार तास उभे होते आणि नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसाने विचारलं, "परतीचं पण देऊ?" मास्तर हातातले पैसे पुन्हा मोजायला लागले. मागच्याने "काय ते लवकर सांगा" म्हटलं, आणि त्या घाईत परतीचं राहून गेलं.

तिकिटावर बाईंनी पहिल्यांदा शिक्का मारला. "आता स्थळपाहणी," त्या म्हणाल्या. "आमचे इन्स्पेक्टर घरी येऊन खात्री करतील की मुलगी खरोखर निघालीय. सामान बांधलेलं दिसलं पाहिजे."

मग काय, सगळी इमारत बारकीचं सामान बांधायला लागली. कंडक्टरांनी आपली बॅग दिली आणि ती भरायची कशी यावर दीड तास भाषण दिलं. तळमजल्यावरच्या वहिनींनी लोकरीचे मोजे विणले. बारकीची आई एकेक वस्तू बॅगेत ठेवी, बाहेर काढी, पदराने पुसून पुन्हा ठेवी. तिला कोणीतरी म्हणालं, "अहो, नाटकापुरतं आहे," तर ती म्हणाली, "हो ना, माहितीय," आणि पुन्हा पुसायला लागली. शिंप्याने मुलीसाठी कोट शिवला. तिकडे थंडी असते असं त्याने ऐकलं होतं. तो आयुष्यभर लोकांचे शर्ट शिवत आला होता, कोट पहिलाच. त्याला आत सहा खिसे होते.

"नाटकातल्या कोटाला सहा खिसे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

शिंपी सुईत दोरा ओवत होता. त्याने वर बघितलं नाही. "असू देत मास्तर. शिवायचा तर नीट शिवावा."

त्या संध्याकाळी कंडक्टर मास्तरांकडे येऊन बसले आणि चहा नको म्हणाले, म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"एक विचारू? रागावू नका. तुम्ही हे सगळं कुणासाठी करताय?"

"कुणासाठी म्हणजे? मुलीसाठी. राज्यासाठी."

"मी तीस वर्षं बसच्या दारात उभा होतो, मास्तर. उतरणाऱ्याची वाट अडवून उभा राहणारा माणूस मी लांबून ओळखतो. तोही हेच म्हणतो, की मी तर नुसता आधाराला दांडी धरलीय."

मास्तरांनी कंडक्टरांशी चार दिवस बोलणं सोडलं. एवढ्या अवधीत त्यांना कळलं की, कंडक्टरांशी बोलणं सोडलं तर दिवसात बोलण्यासारखं फक्त चार ते सहा उरतं.

इन्स्पेक्टर आले ते सर्दी घेऊन आले. हडकुळा, कष्टी माणूस. त्यांनी बॅग उघडली, मोजे मोजले, तिकीट उजेडाकडे धरून बघितलं, कोटाच्या सहाही खिशांत हात घातला. इमारतीतली सगळी माणसं जिन्यात दाटीवाटीने उभी होती.

"जाणार?" त्यांनी वहीत लिहिता लिहिता विचारलं.

"हो," बारकी म्हणाली. छान म्हणाली, तालीम झाली होती.

इन्स्पेक्टरांनी शिंकून रुमाल काढला, आणि नाक पुसून झाल्यावर, बहुधा सरकारी नव्हे असा प्रश्न विचारला. "एवढ्या लांब? एकटी? खरंच जायचंय तुला?"

"हो," बारकी म्हणाली.

जिन्यातल्या कोणाला फरक कळला नाही. मास्तरांना कळला. गणित सुटायच्या आधी तिचा आवाज एका तऱ्हेचा असे, आणि सुटल्यावर दुसऱ्या. अकरा वर्षं ते या दुसऱ्या आवाजाची वाट बघत आले होते. त्यांनी जिन्याचा कठडा धरला. घोट्यामुळे, असं त्यांनी शेजारच्या वहिनींना सांगितलं.

इन्स्पेक्टरांनी शेरा लिहिला, 'निर्धार पक्का. थोपवण्यास पात्र.' मग जाता जाता शिंप्याकडून आपल्या पँटची कंबर रीतसर पैसे देऊन घट्ट करून घेतली.

मंजुरीचा आदेश आला तो गाडीच्या दोन दिवस आधी. त्यावर विद्यार्थिनीची सही हवी होती. सही झाली की प्रवेश इथल्या कॉलेजात, फी सरकारची, आणि तिकीट रद्द. मास्तरांना हवं होतं ते अगदी तंतोतंत त्यांच्या हातात पडलं होतं. त्या दिवशी दुपारभर ते आरशासमोर उभं राहून एकच शब्द म्हणून बघत होते. "थांब." कधी तो हुकूम वाटे, कधी विनवणी. साधा काही केल्या वाटेना.

चार वाजता बारकी आली. त्यांनी आदेश टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं. तिने वाचलं.

"आजोबा, बेत जमला की."

"जमला."

ती टेबलाच्या कडेला चिकटलेली जुनी शाई नखाने खरवडत राहिली. "मग सही करू?"

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही सांगा."

"मी कधी उत्तर सांगितलंय?"

"या वेळी सांगा ना," ती एकदम म्हणाली. "बाबा म्हणतात, मास्तर म्हणतील ते. आई म्हणते, मास्तर म्हणतील ते. कंडक्टरकाका तर नुसते डोळे पुसतात आणि धूळ गेली म्हणतात. तुम्ही 'थांब' म्हणालात तर मी थांबेन. खरंच थांबेन. रागावणार पण नाही."

शब्द मास्तरांच्या जिभेवर तयार होता. दुपारभर घोटलेला. तो बाहेर पडला असता तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. फी भरली गेली असती, कॉलेज बरं होतं, आणि रोज चार वाजता जिना वाजला असता. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"इन्स्पेक्टरांनी दोनदा विचारलं," ते म्हणाले. "दोन्ही 'हो' नाटकातले होते?"

बारकी खाली बघत होती. "पहिला होता."

"झालं तर मग. गणित तू सोडवलंयस. मी नुसतं तपासलं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बरोबर आहे."

तिला रडू आलं. तिने ते बाहीला पुसलं आणि विचारलं, "तुम्ही चार वाजता काय करणार?"

"मी? चार वाजता मला पुष्कळ कामं असतात. तुझ्यामुळेच इतकी वर्षं तुंबलीयत."

मास्तरांनी विद्यार्थ्यासमोर जाणूनबुजून चुकीचं उत्तर देण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. बारकीला ते चुकीचं आहे हे लगेच कळलं, आणि तिने फुली मारली नाही.

गाडी गेली. स्टेशनवर कंडक्टरांनी शिट्टीच्या आधीच "चला, पुढे चला" म्हटलं आणि स्वतःच मागे सरले. शिंपी कोटाची कॉलर नीट करत डब्याबरोबर थोडं चालला. मास्तरांनी तिला सांगायला बरंच काही ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ते "पायऱ्या लिहीत जा, नुसतं उत्तर लिहू नकोस" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सही नसलेला आदेश घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. बाईंनी तो उलटसुलट बघितला.

"मंजुरी मिळाली नाही म्हणून भांडायला पुष्कळ येतात," त्या म्हणाल्या. "मिळालेली परत करणारे तुम्ही पहिलेच. याला वेगळा फॉर्म आहे. 'थोपवता न येण्याचं कारण' लिहा."

मास्तरांनी लिहिलं. बाईंनी वाचलं. "'जाण्याइतकी तयार झाली.' हे कारण यादीत नाही, आजोबा. आजारपण, लग्न, मृत्यू आणि इतर, एवढंच आहे."

"मग इतरमध्ये घाला."

"इतरमध्ये चारच शब्द मावतात."

"तीन आहेत," मास्तर म्हणाले.

बाईंनी मोजले. मग पहिल्यांदाच शिक्का नीट बघून उचलला, आणि हळूच मारला. "झालं. आता या तुम्ही. घरी जा."

मास्तरांनी पिशवी उचलली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. चालत पाऊण तासात घरी पोचता आलं असतं, बरोबर चारला. ते पुन्हा खिडकीशी वळले.

"याची एक नक्कल मिळेल का?"

"मिळेल. पण मशीन वर आहे, माणूस जेवायला गेलाय. तास-दीड तास जाईल."

"चालेल," मास्तर म्हणाले, आणि बाकावर दोन अर्जदारांच्या मधे जागा करून बसले.